पन्नास मीटर, सहा सेकंद

पुण्याच्या कोणत्याही उपनगरात विकास आराखड्यातला, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'डीपी रोड', पूर्ण झाला की त्याच्या कडेची वस्ती आधी सुखावते आणि काही महिन्यांतच धास्तावते. गुळगुळीत डांबर, मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंना सोसायट्या, आणि त्या सोसायट्यांतून शाळेला निघालेली मुले, सकाळी दूध आणायला जाणारे आजी-आजोबा, भाजीच्या हातगाडीपाशी थांबलेली माणसे. या सगळ्यांच्या अगदी अंगाला घासून वाहने जात असतात. एखाद्या दिवशी अपघात होतो आणि 'चालकाचे नियंत्रण सुटले' हे वाक्य बातमीत येते. ते वाक्य खोटे नसते, पण त्यातून काहीच समजत नाही. नियंत्रण का सुटले आणि ते सुटले तेव्हा समोरच्या माणसाला वाचण्याची संधी किती होती, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधायला लागले की आपण पुन्हा पुन्हा वेगापाशीच येऊन थांबतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत 'अतिवेग' हे कारण लिहिलेले आहे. पोलिसांच्या नोंदींवरून काढलेले हे आकडे असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेग प्रत्यक्ष मोजलेला असतो असे मानण्याचे कारण नाही. तरीही वेगाचा वाटा मोठा असणार हे शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या दोन-तीन सूत्रांवरूनही कळते, आणि ती सूत्रे आपल्या गल्लीला लावून पाहिली की विषय बराच उलगडतो.

समजा, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागून एक मूल चेंडूपाठोपाठ धावत रस्त्यावर आले आणि त्या क्षणी येणारी मोटार त्याच्यापासून १४ मीटरवर, म्हणजे साधारण एका बसच्या लांबीपेक्षा थोड्या अधिक अंतरावर आहे. चालकाला मूल दिसणे, धोका लक्षात येणे आणि पाय ब्रेकवर पडणे यात सजग माणसाचाही एक सेकंद सहज जातो. त्या सेकंदात गाडी जराही मंदावलेली नसते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात ८.३ मीटर जाते, आणि रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक नीट असतील तर पुढच्या सुमारे ५ मीटरांत उभी राहते. एकूण अंतर सव्वातेरा-साडेतेरा मीटर, म्हणजे मूल वाचले. आता तीच गाडी ताशी ५० किलोमीटरने येत आहे असे धरा. एका सेकंदात ती १३.९ मीटर जाते. याचा अर्थ, चालकाचा पाय ब्रेकवर पडण्याच्या क्षणीच गाडी मुलापर्यंत पोहोचलेली असते आणि धडक पूर्ण पन्नासच्याच वेगाने बसते. तीस आणि पन्नास यांत फरक वीसचा वाटतो, पण १४ मीटरवरच्या त्या मुलाच्या दृष्टीने तो फरक शून्य आणि पन्नास यांच्यातला आहे. चाळीसने येणारा चालक काही प्रमाणात ब्रेक लावू शकतो, तरी त्याची गाडी मुलावर आदळते तेव्हा वेग ३३ च्या आसपास उरलेला असतो.

हे सगळे हिशेब कोरड्या रस्त्याचे आहेत. जूनच्या पहिल्या पावसात डांबरावर साचलेले तेल आणि चिखल यांचा राडा झालेला असतो तेव्हा थांबण्याचे अंतर बरेच वाढते. चालकाची नजर मोबाइलवर असेल तर एका सेकंदाचे दोन सेकंद होतात, आणि पन्नासच्या वेगात त्या दोन सेकंदांत २८ मीटर मागे पडलेले असतात.

धडकेचा जोर किती असतो हे समजायला उंचीची तुलना सर्वांत उपयोगी पडते, कारण उंचीची भीती आपल्या अंगात आहे आणि वेगाची नाही. ताशी ३० किलोमीटरने बसलेली धडक म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडण्याइतका वेग. ताशी ५० म्हणजे जवळजवळ १० मीटर, अर्थात तिसरा मजला. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधले अंतर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, या एका वाक्यात हे सगळे सामावलेले आहे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला आपण न सांगता जाळी बसवतो, पण घरासमोरून पन्नासने जाणाऱ्या गाड्यांकडे रोजची गोष्ट म्हणून पाहतो, याचे मला फार वाईट वाटते.

वेगाचा दुसरा परिणाम धडक होण्याच्याही आधी होतो आणि त्याची नोंद कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला दोन वाहनांमध्ये किती मोकळी जागा लागते याचा विचार करून पाहा. दुभाजकापर्यंतचा अर्धा रस्ता साडेसात मीटर रुंद असेल आणि आजी सेकंदाला ०.९ मीटर चालत असतील, तर त्यांना पलीकडे पोहोचायला सव्वाआठ सेकंद लागतात. त्या वेळात ताशी ३० ने येणारे वाहन सुमारे ७० मीटर पुढे येते आणि ताशी ६० ने येणारे सुमारे १४० मीटर. एवढ्या दूरवरून येणाऱ्या दुचाकीच्या वेगाचा अंदाज वृद्ध नजरेला आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला येत नाही. मग आजी दहा-दहा मिनिटे उभ्या राहतात, किंवा नाइलाजाने हात पुढे करून चालू लागतात, किंवा पलीकडच्या देवळात जाणेच बंद करतात. ज्या रस्त्यावर कोणी ओलांडायचे धाडसच करत नाही तिथे पादचाऱ्यांचे अपघात कमी होतात आणि कागदावर तो रस्ता सुरक्षित दिसू लागतो.

वेगाने जाणाऱ्याला यातून मिळते तरी काय? वस्तीतल्या दोन किलोमीटरच्या टप्प्यात ताशी ३० ने चार मिनिटे लागतात आणि ताशी ५० ने दोन मिनिटे चोवीस सेकंद. वाटेत एकही सिग्नल, एकही वळण, एकही रिक्षा आडवी आली नाही तरच दीड मिनिटांची ही बचत हाती येते, आणि आपल्याकडे तसे होत नाही. पुढच्या चौकात दोघेही शेजारी-शेजारीच उभे असतात.

कायदा काय म्हणतो, हे पाहिले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर, तर दुचाकी आणि मालवाहू वाहनांसाठी ६० किलोमीटर आहे. ही वरची सीमा आहे. राज्य शासन व स्थानिक यंत्रणा त्याखालची मर्यादा ठरवू शकतात आणि अनेक रस्त्यांवर तसे फलकही लागलेले आहेत. पण शाळेसमोरच्या, बाजारातल्या, सोसायट्यांमधल्या रस्त्यांसाठी कमी मर्यादा आपोआप लागू होत नाही, ती कोणीतरी मागावी आणि जाहीर करावी लागते. जगातली दिशा मात्र उलटी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे चालणारी माणसे, सायकली आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटर हीच मर्यादा असावी, असे म्हटले आहे. हा आकडा कुठून आला, हे वर आलेल्या १४ मीटर आणि साडेतीन मीटर या दोन हिशेबांवरून कळते.

तरीही फलक लावल्याने वेग कमी होत नाही, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला इथेच मांडायचा आहे. चालक वेग ठरवतो तो फलक वाचून नव्हे, रस्ता वाचून. समोरचा पट्टा रुंद, सरळ आणि अडथळाविरहित असेल तर पाय नकळत दाबला जातो. कडेला झाडे, उभी वाहने, दुकाने, माणसे जवळ असतील आणि पट्टा अरुंद असेल तर तोच माणूस स्वतःहून सावकाश जातो. कसबा पेठेच्या किंवा सदाशिव पेठेच्या आतल्या गल्लीत कोणी साठने गाडी हाकत नाही, आणि तिथे फार मोठा पोलीस बंदोबस्त असतो असेही नाही. तोच चालक दहा मिनिटांनी डीपी रोडवर आला की सत्तरला जातो. माणूस बदललेला नसतो, रस्ता बदललेला असतो. म्हणून 'लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य मला अपुरे वाटते. शिस्त नाही हे खरे आहे, पण महामार्गासारखा रस्ता वस्तीतून काढायचा आणि त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाने सदासर्वकाळ संयम पाळावा अशी अपेक्षा धरायची, ही रचना चुकीवर चुकीचीच भर घालणारी आहे.

दिवसा हे लक्षात येत नाही, कारण कोंडीच वेगाला लगाम घालते. रात्री अकरानंतर रस्ता मोकळा झाला की त्याची रचना कोणत्या वेगाला आमंत्रण देते ते उघडे पडते. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे, अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या आणि नोंदणी न झालेल्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. त्या घटनेनंतर मद्य, श्रीमंती आणि न्यायव्यवस्था यांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते आवश्यकही होते. रात्रीच्या मोकळ्या शहरी रस्त्यावर एवढा वेग शक्य कसा होतो, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला गेला.

रस्त्याने वेग कमी करायचा म्हटले की आपल्याला पहिल्यांदा स्पीडब्रेकर आठवतो, आणि तोही बहुधा चुकीचा. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मानकाप्रमाणे गतिरोधक म्हणजे वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येची गोलाई असलेला सौम्य उंचवटा. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास त्यावरून हिसका न बसता जाता येते आणि त्याहून वेगाने गेले तर गैरसोय होते. आपल्या गल्लीत अपघातानंतर रातोरात उभा राहतो तो मात्र वरवंट्यासारखा अरुंद आणि उंच उंचवटा असतो. त्याच्यावर रंग नसतो, आधी सूचना नसते. रात्री दुचाकीवर मागे बसलेली बाई त्यावर उडते, पाठीचे दुखणे असलेल्याला तो सोसत नाही, रुग्णवाहिकेला अडवतो, आणि कडेला गटारापाशी सोडलेल्या फटीतून दुचाक्या तशाच निसटतात. शिवाय असा एकच गतिरोधक असला की त्याच्या अलीकडे ब्रेक आणि पलीकडे पुन्हा जोर, एवढेच घडते. सलग वेग कमी ठेवायचा तर ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा काहीतरी असावे लागते.

त्यापेक्षा परिणामकारक उपाय कमी दिसणारे असतात. झेब्रा पट्टे पदपथाच्या पातळीला उचलून घेतले, ज्याला अभियंते 'टेबल टॉप' म्हणतात, तर ओलांडणारा माणूस खाली उतरत नाही आणि वाहन मात्र चढून उतरते. कोणी कोणासाठी थांबायचे हे त्या उंचीवरूनच स्पष्ट होते. चौकातल्या कोपऱ्यांची गोलाई कमी केली की डावीकडे वळणारी गाडी सावकाश वळते. मोठी गोलाई असली की ती वेग न कमी करता सुर्रकन आत शिरते आणि नेमका तिथेच शाळेचा मुलगा उभा असतो. साडेतीन मीटरचा पट्टा तीन मीटरवर आणून उरलेली जागा पदपथाला दिली तर दोन कामे एकदम होतात. दुभाजकात माणसाला सुरक्षित उभे राहता येईल अशी जागा ठेवली तर आजींना एका वेळी अर्धाच रस्ता पार करावा लागतो. पदपथ कसा असावा याचेही मानक आहे: निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. गुडघाभर उंच, मध्ये विजेचा डीपी आणि पुढे पार्किंगमध्ये संपणारा पदपथ असेल तर माणसे रस्त्यावरूनच चालणार, आणि त्यात त्यांचा दोष काही नाही. पुण्यातच जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केल्यावर काय फरक पडतो हे चालून पाहता येते. त्यामुळे हे उपाय परदेशातच शक्य आहेत असे म्हणायला जागा उरत नाही.

परदेशातला एक दाखला मात्र द्यायलाच हवा. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. त्या शहरातील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे आणि ती अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने, रस्त्यांची रचना बदलत आणि कॅमेरे बसवत आणली गेली. तिथली लोकसंख्या, हवामान, सार्वजनिक वाहतूक सगळे वेगळे आहे हे मान्य. पण धडक बसल्यावर माणसाच्या बरगड्या तिथेही तेवढ्याच मोडतात.

दंडाचे महत्त्व मी नाकारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास १,००० ते २,००० रुपये दंड आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. सोसायटीच्या वाहनतळातून चौदा वर्षांचा मुलगा मोपेड काढतो तेव्हा हसून पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी हे कलम, १९९ अ, वाचलेले असावे असे वाटते. त्याच कायद्यातील कलम १९८ अ ची चर्चा फारच कमी होते: रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण रस्ता बांधणाराही अपघाताला उत्तरदायी असतो हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे आणि तक्रारअर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा. दंडाची मर्यादा अशी की स्पीडगन घेतलेली गाडी उभी असते तेवढा वेळ आणि तेवढ्या टप्प्यातच वेग उतरतो. रचनेचे तसे नाही. ती पहाटे तीन वाजताही तिथेच असते.

आता अडचण अशी की वस्तीतल्या रस्त्याची दखल घेतली जावी यासाठी बहुधा आधी माणसे मरावी लागतात. राष्ट्रीय महामार्गांवर 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्याचा निकष पाहा: साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. महामार्गासाठी निकष हवाच, पण त्याच विचाराने गल्लीकडे पाहिले तर शाळेसमोर दोन मुले जखमी झाली, चार दुचाक्या घसरल्या आणि रोज वीस जण थोडक्यात वाचले, तरी कागदावर काहीच उमटत नाही. थोडक्यात वाचलेल्यांची नोंद ठेवणारे कार्यालय नाही. वेग मात्र अपघाताआधीच मोजता येतो, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

एका रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी, शाळा भरण्याच्या वेळी आणि पुन्हा रात्री दहानंतर, दोघांनी पदपथावर उभे राहून हे काम करता येते. रस्त्याच्या सरळ टप्प्यात टेपने ५० मीटर मोजावेत आणि दोन्ही टोकांना पदपथाच्या कडेवर खडूने खूण करावी. विजेचे खांब सोयीचे असतील तर खांबांमधले अंतर मोजून घ्यावे. वाहन पहिल्या खुणेवर आले की एकाने इशारा करायचा, दुसऱ्याने मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करून दुसऱ्या खुणेवर थांबवायचे. १८० ला आलेल्या सेकंदांनी भागले की वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. सहा सेकंद म्हणजे ताशी ३०, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, तीन सेकंद म्हणजे ६०. हाताने मोजताना दोन-तीन किलोमीटरची चूक होतेच, म्हणून शंभर वाहने मोजावीत. पुढच्या वाहनाच्या मागे अडकलेली वाहने सोडून फक्त मोकळेपणाने धावणारी घ्यावीत, आणि चालकांना आपण दिसणार नाही अशा बेताने उभे राहावे, कारण दिसलो तर ते सावकाश जातात.

शंभर आकडे चढत्या क्रमाने लावले की ८५ वा आकडा पाहायचा. वाहतूक अभियंते याच आकड्याला रस्त्याचा चालता वेग मानतात, कारण ८५ टक्के वाहने त्या वेगाने किंवा त्याखाली जातात. फलकावर ३० किंवा ४० आणि हा आकडा ५५ आला, तर तो पंधरा बेशिस्त माणसांचा प्रश्न नाही, रस्त्याचा आहे, असे अर्जात ठामपणे लिहिता येते. काही देशांत हाच आकडा वेगमर्यादा ठरवायला वापरण्याची पद्धत आहे. वस्तीसाठी ती मला अजिबात मान्य नाही, कारण तसे केल्याने जो चूक करतो त्याच्याच चुकीला नियम बनवले जाते. रोग ओळखायला मात्र हा आकडा उत्तम आहे.

अर्ज कोणाकडे द्यायचा यात अनेकांची फसगत होते. रस्त्याची रचना, गतिरोधक, पदपथ, पट्टे हे महापालिकेच्या पथ विभागाचे काम. वाहनांवर कारवाई आणि सिग्नलचे नियोजन हे वाहतूक शाखेचे. एकाकडे गेले की तो दुसऱ्याकडे पाठवतो, म्हणून एकच अर्ज दोघांच्या नावे, एकाच तारखेला, पोच घेऊन द्यावा आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीत तो मांडावा. पुणे महापालिकेत नागरिकांच्या सूचनांमधून वॉर्डातील कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. उंचावलेल्या झेब्रासारखे काम त्यातही सुचवता येते. अर्जात 'वाहने फार वेगाने जातात' असे न लिहिता ठिकाण, तारीख, वेळ, वाहनांची संख्या आणि ८५ वा आकडा लिहावा, आणि मागणी एकच, नेमकी करावी: अमुक शाळेच्या फाटकासमोर मानकाप्रमाणे उंचावलेला झेब्रा.

मागणी मान्य होऊन काम झाले, तर दीड-दोन महिने जाऊ द्यावेत, म्हणजे चालकांना नवा रस्ता सवयीचा होतो. मग त्याच खुणांवर, त्याच वेळी, पुन्हा शंभर वाहने मोजावीत. वेग उतरला नसेल तर काम मानकाप्रमाणे झाले आहे का हे टेप लावून पाहावे, आणि उतरला असेल तर हा दुसरा कागद पहिल्याला टाचून त्याची प्रत शेजारच्या सोसायटीला द्यावी, कारण त्यांच्याही फाटकासमोरून हाच रस्ता पुढे जातो.